मार, विनया!

नव्वद साली घेतलेल्या आमच्या मारुतीचं बॉनेट एकट्या माणसाला कधी उघडलंच नाही. ह्यांनी आत बसून खटका ओढायचा, मी पुढे उभं राहून बॉनेटवर थाप मारायची. आतली स्प्रिंग मेलेली, थाप बसली तरच हूक सुटायचा. "मार, विनया!" हे ओरडायचे, सगळ्या पापडी गावाला ऐकू जाईल असे. मी करवादायची, "मेलं ते लॉक बदला एकदाचं! हात सुजला माझा." वर्षानुवर्षं माझं हेच तुणतुणं.

मग ह्यांची आठवण गळायला लागली. आधी किल्ल्या विसरले, मग वाडीची वाट, मग मला. मला "अहो बाई" म्हणायला लागले. पण सकाळी गाडीत नेऊन बसवलं की हात आपसूक खटक्याकडे जायचा आणि खिडकीतून आरोळी यायची, "मार, विनया!" दिवसभरात माझं नाव तेवढंच. मी थाप मारायची, इंजिनातलं पाणी बघितल्यासारखं करायची आणि बॉनेटच्या आड डोळे पुसायची. गाडी तर अंगणाबाहेरही जात नव्हती. रोज बॉनेट कशाला उघडते, हे कुणाला सांगणार? लाज वाटायची हो.

दिवाळीला आमचा परेश आला. मी बाजारात गेलेली बघून त्याने मार्सेल मेकॅनिकला बोलावलं, लॉक, केबल सगळं नवं बसवून घेतलं. "आई, आता थापबिप काही नको. बोटाने ओढलं की उघडतं. तुझं तुणतुणं बंद!" लेकरू इतकं खूश, त्याला काय बोलणार? मार्सेलकडे जुनं लॉक मागितलं, तर म्हणतो, "काकी, ते भंगारवाला घेऊन गेला."

दुसऱ्या दिवशी ह्यांना गाडीत बसवलं. मी पुढे गेले आणि अंगाचा सगळा भार टाकून बॉनेट दाबून धरलं. उघडू नको रे बाबा, तुझ्या पाया पडते. ह्यांनी खटका ओढला. खट्! माझ्या हातांखालून ते वर आलंच.

"अहो, अडकलंय!" मी ओरडले. "म्हणा ना... मार, म्हणा!"

ह्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. किती दिवसांनी हसले.

"उघडलं की, बाई. तुम्ही कशाला उन्हात उभ्या? जा आता घरी. तुमची माणसं वाट बघत असतील."