गुणाजीचा डबा

वसंतरावांनी पुस्तकातून हरेश्वर कोळ्याचं पत्र काढलं, वाचलं आणि पुन्हा त्याच पानात ठेवलं. तीन वर्षांपूर्वी आलेलं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं. विचारलं होतं एवढंच : ‘काका, त्या सकाळी तुम्ही लाँचवर पुढं उभे होता. गुणाजी डबा वाजवत होता. तुम्हाला ऐकू आला का?’

उत्तर लिहायला त्यांनी कितीदा तरी घेतलं होतं.

बाहेर चाळीच्या गॅलरीत हरेश्वरच्या बायकोनं, मंजुळानं, टोपली उतरवली.

“एवढीच मांदेली?” नलूताईंनी विचारलं.

“एकटा मानूस किती आननार, वैनी? वल्हवताना त्याची पाठ पुढं. समोरून काय येतंय ते दिसतंय कुठं? परवा एक बार्ज वल्ह्याला घासून गेली.”

“पुढं कोणी बसत नाही अजून?”

“कोन बसनार! धुक्यात पुढच्यानं डबा वाजवत ऱ्हायचा, ही आमची रीत. यानं वाजवू दिला नाय, म्हनून लाँच धडकली नि गुणाजी मेला, असं कोळीवाड्यात म्हनतात. गुणाजीसारख्या संपात बसलेल्या गिरनीवाल्याला होडीवर घेतला, हाच गुन्हा.”

“आणि लाँचवाले?”

“काय ऐकलंच नाय म्हनतात.” तिनं दारातून आत पाहिलं. “काकांना पत्र धाडलं होतं. पोचलं नसंल.”

“यांना? पोचलं असेल तरी पुस्तकात खूण म्हणून घातलं असेल!”

दोघी हसल्या. आत वसंतरावांनी पुस्तक मिटलं.

डबा ऐकू आला होता. तीनदा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा ते सारंगाकडं वळलेही होते. तो खलाशाशी बोलत सुकाणूपाशी उभा होता. त्याला ऐकू आलाच असेल, आपण कारकून माणसानं त्याला काय शिकवायचं, असं वाटून ते गप्प राहिले. पुढं चौकशीत त्यांना कोणी बोलावलं नाही. तेव्हा त्यांना बरंच वाटलं होतं.

मंजुळा जिना उतरून गेल्यावर त्यांनी पोस्टकार्ड घेतलं. डबा तीनदा ऐकू आला, तुझी चूक नव्हती, असं लिहिलं. थोडं थांबून खाली लिहिलं : मी सारंगाला सांगितलं नाही. मग पूर्ण नाव आणि चाळीचा पत्ता.

नलूताईंनी ते उभ्यानंच वाचलं.

“पाकिटात तरी घाला,” त्या म्हणाल्या. “हरेश्वरला वाचता येत नाही. पोस्टमन देवळाच्या ओट्यावर बसून मोठ्यानं वाचतो त्यांची पत्रं. सगळा कोळीवाडा ऐकेल.”

“हो,” वसंतराव म्हणाले.

चपला घालून ते चिंचपोकळीच्या नाक्यापर्यंत चालत गेले आणि कार्ड तसंच पेटीत टाकलं.