खुंटीवरचा सदरा

अख्तरुन्निसाच्या घरात थंडी आली की दोन गोष्टी न चुकता व्हायच्या. चुलीवर कुळथाचं कढण चढायचं आणि ओटीवर गोधडीचा पसारा पडायचा. काशीदच्या अलीकडच्या त्या खाडीकाठच्या गावात थंडी ती कितीशी पडणार? सकाळी झावळ्यांवरून दव टपकतं, घटकाभर अंगावर काटा येतो, आणि ऊन वर आलं की संपलं. पण म्हणून थंडी कुणी वाया घालवतं होय? वर्षाचे आठ-नऊ महिने घामाने चिकचिकणाऱ्या माणसांना हे दिवस म्हणजे चैन. लसणाची फोडणी दिलेलं कढण वाटीने प्यायचं, उन्हात पाय पसरून बसायचं आणि हातात सुईदोरा घ्यायचा. एवढीच काय ती चैन, पण ती मन लावून करायची.

एकोणीसशे अठ्ठावीस सालच्या त्या थंडीत गोधडी शिवायची होती ती अतियासाठी. अतिया ही अख्तरुन्निसाची एकुलती एक लेक. उन्हाळ्यात तिचा निकाह होऊन ती अलिबागला नांदायला गेली होती. सासरच्या पहिल्या थंडीत लेकीला आईच्या हातची गोधडी जायची, आणि त्या गोधडीत माहेरच्या एकूण एक माणसाच्या अंगावरचं जुनं कापड असायचं, अशी तिकडची रीत. नवं कोरं कापड लावलं तर सासरच्या बाया नाक मुरडायच्या. माहेरात माणसं नाहीत की काय, असं विचारायलाही कमी करायच्या नाहीत.

आता याच रीतीला लागून दुसरी एक रीत होती. घरात वावरणाऱ्या माणसाचा सदरा विटला की तो बिनघोर फाडावा, त्याचं पोतेरं करावं नाहीतर गोधडीत घालावा, कुणी हरकत घेत नसे. पण जो दर्यावर गेलाय, त्याच्या कपड्याला कात्री लावायची नाही. त्याचा कपडा खुंटीला असेल तसा राहणार. त्याला कात्री लागली म्हणजे घराने त्या माणसाची आशा सोडली, असा त्याचा अर्थ. ज्या गावातले निम्मे बाप्ये आगबोटींवर खलाशी, तिथे ही रीत कुणाला शिकवावी लागत नसे.

अख्तरुन्निसाचा नवरा अब्दुस्समद आगबोटीवर जाऊन तीन वर्षं झाली होती. पहिल्या वर्षी दोन पत्रं आली. नंतर दोन वर्षं ना चिठ्ठी ना चपाटी. त्याच्याबरोबर गेलेले दोघे परत आले आणि सांगू लागले, की तो एका बंदरात उतरला तो पुन्हा बोटीवर चढलाच नाही. लेकीचा निकाह बापावाचून लागला. अख्तरुन्निसाचा भाऊ जलील शेजारीच राहायचा. तो एकदा चाचरत म्हणाला, "आपा, एकदा त्याच्या नावानं फातिहा देऊन टाकू का? माणसाच्या जिवाला बरं असतं."

"हाय तो," ती म्हणाली. "जित्या माणसाची फातिहा माझ्या घरात व्हायची न्हाय. पुन्हा बोलू नकोस."

जलील पुन्हा बोलला नाही. सगळ्या गावाला वाटलं, बाई मोठ्या जिवाची. तिलाही तसंच वाटायचं, निदान लोकांसमोर.

दाराआडच्या खुंटीला त्याचा निळ्या चौकटीचा सदरा होता. उजव्या कोपराला ठिगळ, तेही तिनेच लावलेलं. दर ईदेला ती तो धुवायची, वाळवायची आणि परत तिथेच अडकवायची. त्या दिवाळीच्या सुमारास, पावसाळ्याचा कोंदट वास गेल्यावर, तिने तो धुवायला काढला तर कॉलरला बुरशीचे काळे ठिपके पडलेले. ती तो हातात धरून बराच वेळ उभी राहिली. मग धुतला, उन्हात वाळवला, आणि वाळल्यावर खुंटीकडे न्यायच्या ऐवजी ओटीवर घेऊन आली. कात्री तिथेच पडली होती.

आता कशाला खोटं बोला, कापड काही कमी पडलं नव्हतं. तिची स्वतःची दोन लुगडी होती, जलीलची लुंगी होती, अतियाची लहानपणची झबली होती. सदरा कुजून जाईल त्यापेक्षा लेकीच्या अंगावर राहील, असं तिने मनाला सांगितलं, पण मन काही एवढं भोळं नसतं. खरं एवढंच, की ती वाट बघून दमली होती. जलीलला जे करू दिलं नाही ते तिने भर दुपारी आपल्या हाताने केलं. बाही कापताना तिला रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. त्याचीच तिला जास्त भीती वाटली.

उन्हं कलल्यावर शेजारची ठमाबाई शिवायला आली. ठमाबाई आगरी, तिचं घर मिठागरावर राबणारं, आणि तिच्यासारखा सरळ टाका पंचक्रोशीत कुणाचा नव्हता. दोघी दर थंडीत एकमेकींच्या गोधड्या शिवायच्या. ठमाबाईने पसरलेले तुकडे पाहिले आणि निळ्या चौकटीवर तिची नजर थांबली.

"ह्यो कुनाचा गो?"

"घरचाच हाय."

ठमाबाईने सुई ओवली आणि कडेने टाके घालत निघाली. निळ्या तुकड्यापाशी आली की दोरा तोडायची आणि पलीकडून पुन्हा सुरू करायची. चार दिवसांत सगळी गोधडी भरली, मधला निळा चौकोन तेवढा कोरा. तिने सुई खाली ठेवली आणि म्हणाली, "तेवढा तुजा तूच भर, बाय. माजा हात न्हाय चालत त्याच्याव." अख्तरुन्निसाने तो लाल दोऱ्याने भरला. गोधडी अलिबागला गेली. सासूने चार बायांना बोलावून दाखवली, असा अतियाचा निरोप आला.

आणि जानेवारीत एका सकाळी अब्दुस्समद आला.

ती सुपात कुळीथ निवडत बसली होती. घराभोवतीच्या आवाठाच्या फाटकाशी एक माणूस थांबला, दाढी पांढरी, अंगात जाडजूड काळा बोटीवरचा कोट, एक पाय किंचित ओढत चालणारा. कुणीतरी फकीर असेल म्हणून ती मूठभर तांदूळ आणायला उठली. तेव्हा तो म्हणाला, "अख्तर, कुळीथ हाय का? कढण कर."

सूप तिच्या हातातून सुटलं. कुळीथ अंगणभर झाले. ती खाली बसून ते वेचायलाच लागली, कारण वर बघायचं बळ तिच्यात नव्हतं. तोही कोटासकट खाली बसला आणि तिच्याबरोबर वेचू लागला.

जलील धावत आला, अर्धं गाव गोळा झालं. बंदरावर उतरला तेव्हा गोदीतल्या मालाच्या तळघरात पडून मांडीचं हाड मोडलं होतं, तिथल्याच परक्या इस्पितळात तो आठ महिने पडून होता. नंतर कुठलीच बोट लंगड्याला घेईना. दोन पत्रं दुसऱ्याकडून लिहवून घेतली होती, ती कुठे गेली देव जाणे. आता एका सारंगाने, खलाशांच्या मुकादमाने, आणला होता, आणि रमझानच्या ईदेनंतर मुंबईला ये, बोटीवर हलकं काम देतो, असा त्याचा शब्द होता. लोक ऐकून हळहळले, हसले, आणि जाताना जो तो अख्तरुन्निसाला म्हणून गेला, की बाई, तुझ्या भरवशाने त्याला परत आणलं. ठमाबाई कोपऱ्यात उभी होती. ती तेवढी काही बोलली नाही.

माणसं गेल्यावर अब्दुस्समद न्हाला. लुंगी गुंडाळून आत आला आणि इकडेतिकडे न बघता त्याचा हात दाराआड खुंटीकडे गेला. तीन वर्षं हजारो कोस लांब राहूनही हाताला जागा बरोबर ठाऊक होती. हात खुंटीवर टेकला आणि तिथेच राहिला.

"कसरीनं खाल्ला," अख्तरुन्निसा चुलीकडे तोंड करून म्हणाली. "पावसाळ्यात बुरशी धरली व्हती."

"बरं," तो म्हणाला. त्याने उघड्या अंगावर तो काळा कोट चढवला, चुलीपाशी बसला आणि दोन वाट्या कढण प्याला. लसूण जळली होती. कधी नव्हे ती तिने फोडणी जाळली होती. तो बोटं चाटत म्हणाला, "ह्याच्यासाठी आलो बघ." तिला ते ऐकून आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी तो अलिबागला निघाला. लेकीला बघायला बाप जाणार, त्याला ती काय म्हणून अडवणार? तिच्या डोक्यात एकच एक विचार, की तिथे गोधडी असणार आणि तिच्या बरोबर मध्यावर निळी चौकट. कोपराचं ठिगळसुद्धा तिने काढलं नव्हतं. जावयाच्या घरी, चार माणसांत, त्याला कळणार की आपल्या बायकोने आपल्याला मनातल्या मनात पुरून टाकलं होतं. गाडी वळणाआड जाईपर्यंत ती फाटकाशी उभी होती. दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा नुसतं "जपून जा" एवढंच बाहेर आलं.

तीन दिवस तो तिकडे होता. ते तीन दिवस तिने कसे काढले ते तिचं तिला माहीत. ठमाबाई कढणासाठी शेवग्याच्या शेंगा घेऊन आली, तेव्हा ती म्हणाली, "ठमा, तो आता परत यायचा न्हाय. तिथनंच मुंबईला जाईल." ठमाबाई म्हणाली, "त्याचा बोचका हितं हाय का न्हाय? मंग येल. सुई घे हातात, बरं वाटतंय." दोघी ठमाबाईच्या नातवाची दुपटी शिवत बसल्या. खरंच थोडं बरं वाटलं.

चौथ्या दिवशी दुपारी तो आला. पाय धुतले, ओटीवर दुपट्यांच्या तुकड्यांत जागा करून बसला. ठमाबाई काम आठवल्यासारखं करून घरी गेली. अख्तरुन्निसाने कढणाची वाटी पुढे ठेवली. त्याने ती दोन्ही हातांत धरली, पण तोंडाला लावली नाही.

"अतियाची गोधडी चांगली शिवलीस," तो म्हणाला.

तीन दिवस जुळवून ठेवलेली सगळी सबब ती विसरली. "मी तुमाला मेलेलं धरलं व्हतं," ती म्हणाली. "सगळ्यांना सांगत व्हते हाय म्हणून. आणि कात्री मीच लावली. कसर-बिसर काय न्हाय."

"कधी लावलीस?"

"दिवाळीच्या सुमारास."

"इस्पितळात मी त्याच्या कितीतरी आधी स्वतःला मेलेलं धरून बसलो व्हतो," तो म्हणाला. "तू माझ्यापेक्षा जास्त दिवस काढलेस." मग कढणाचा घोट घेतला आणि खाली बघत म्हणाला, "पण वाईट वाटलं. खोटं सांगत न्हाय. पोरगी सकाळची थंडीनं कुडकुडत गोधडी पायावर घेऊन बसली व्हती, आणि माझं कोपर तिच्या गुडघ्यावर. तिला म्हणलं, हा कुणाचा सदरा गं? तर म्हणते, अब्बा, तुमचाच. मी रोज ह्याच्यावर हात ठेवून झोपते."

अख्तरुन्निसा तेव्हा रडली. दिवाळीपासून अडलेलं ते रडू होतं, चांगलं पोटभर रडली. त्याने तिला गप्प केलं नाही. वाटी संपवली, उपडी घातली, आणि उठून आत गेला.

बाहेर आला तो काळा कोट हातात घेऊन. तो त्याने तिच्यापुढे, तुकड्यांच्या ढिगावर ठेवला, आणि वर कात्री ठेवली.

"हा काप," तो म्हणाला. "आपल्यालाही एक गोधडी पायजे. थंडी अजून महिनाभर हाय."

"अवो, चांगला धडका कोट हाय. आणि ईदेनंतर बोटीवर काय घालाल?"

त्याने कात्री तिच्याकडे आणखी सरकवली. दर्यावर जाणाऱ्या माणसाच्या कपड्याला कात्री लावायची नाही, हे त्याला काय ठाऊक नव्हतं? त्याच्याच आईने तिला ते सांगितलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी, तो पहिल्यांदा बोटीवर गेला तेव्हा.

"आणि सारंगाला दिलेला शब्द?" तिने हळूच विचारलं.

"जलीलकडून पत्र लिहवून घेतो. नारळी हायत, हात हायत. लंगड्याला झाडावर चढता येत न्हाय, पण शिंपणं येतं." तो तिच्यासमोर मांडी घालायला लागला, पाय दुमडेना म्हणून तो लांब करून बसला. "घरातल्या माणसाचा कपडा हाय, अख्तर. बिनघोर काप."

तिने पदराने डोळे पुसले आणि कात्री उचलली. "कुठनं कापू?"

"बाहीपासनं."

कापड फार जाड होतं, मेणकट. कात्री दोन बोटं आत गेली आणि अडकली. तेव्हा त्याने पुढे सरकून दुसऱ्या बाजूने बाही घट्ट ताणून धरली, आणि ती कापू लागली.