खोडलेली ओळ

एकतीस वर्षं मी छापखान्यात प्रुफं तपासतोय. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि समासात लाल शाईने दाखवायच्या, हा माझा धंदा. छापखान्यात सगळे मला 'अनुस्वार' म्हणतात, तोंडावरसुद्धा. म्हणेनात का. पण या कामाने एक वाईट खोड लागली. जे नीट चाललंय त्यातही काय बिघडेल ते मला आधी दिसतं.

बायकोच्या गळ्यात गाठ निघाली तेव्हापासून तर मी धड झोपलेलो नाही. महिनाभर नुसता जीव टांगणीला. गाठ साधी आहे, काढली की झालं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण त्या गाठीला चिकटूनच आवाजाची नस जाते. तिला धक्का लागला तर आवाज जाऊ शकतो, आणि तोही कायमचा.

आमच्या घरात आवाज म्हणजे तिचाच. रोज संध्याकाळची प्रार्थना ती करते, मोठ्याने, शेजारणीशी बोलावं तशी प्रभूशी बोलते. मी शेवटी 'आमेन' म्हणतो. खरं सांगायचं तर मधल्या वेळात मी तिचं व्याकरण तपासत असतो.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सिस्टरने संमतीपत्र आणलं. दोघांच्या सह्या हव्या होत्या. बायकोने न वाचताच सही ठोकली.

"अगं, वाच तरी!"

"डॉक्टरांनी तोंडाने सांगितलंय सगळं. तुम्ही वाचा. तुम्हाला कुठे राहवणार आहे!"

मी वाचलं. खिशातलं लाल पेन कधी हातात आलं कळलं नाही. 'शस्त्रक्रीया' दीर्घ होती, ती ऱ्हस्व केली. एक स्वल्पविराम घातला. मग निळ्या पेनाने सही केली, कागद सिस्टरकडे दिला आणि बाहेरच्या बाकावर जाऊन बसलो. पाच मिनिटांत ती परत आली.

"काका, हे काय करून ठेवलंत?"

सातवी ओळ होती, 'रुग्णाचा आवाज कायमचा जाण्याची शक्यता मला समजावून सांगण्यात आली आहे.' त्या अख्ख्या ओळीवर लाल रेघ होती, आणि समासात आमची ती शेपटीवाली खूण, म्हणजे हा मजकूर काढून टाका. हात माझाच होता. पण रेघ ओढल्याचं मला आठवतही नव्हतं.

"खाडाखोड चालत नाही," सिस्टर म्हणाली. "त्यात ही ओळ तर नाहीच नाही. हा नवा फॉर्म घ्या, काकूंची सही घेतलीय. तुम्हीही काही न बदलता सही करा. आत सगळे थांबलेत."

ती दाराशी उभी राहिली. फॉर्म माझ्या मांडीवर. 'शस्त्रक्रीया' पुन्हा दीर्घ, आणि सातवी ओळ जागच्या जागी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग असा थकवा आला की मान वर उचलवेना. महिनाभर मी डोळ्यांत तेल घालून जागलो, त्याने काय टळलं? गाठ काही मला विचारून आली नव्हती.

प्रार्थना मी आजवर स्वतःची अशी केलेली नाही. त्या बाकावर पहिल्यांदा केली, पुटपुटत.

"प्रभू, ही ओळ मला खोडता येत नाही. तुला खोडायची असली तर खोड. नसेल खोडायची तर..." पुढे सुचेना. "तर तू आमच्याजवळ राहा. मला आता झेपत नाही हे. तूच बघ तिला."

वाक्यं सगळी विस्कटलेली. तशीच राहू दिली आणि सही केली.

भीती गेली असं नाही. पण मानगुटीवरून उतरली आणि बाकावर शेजारी बसली. लाज वाटते सांगायला, बायको आत टेबलावर असताना मी बाहेर चक्क झोपलो. तोंड उघडं टाकून.

"काका, उठा. काकूंना खोलीत आणलंय."

बायकोच्या गळ्याला पट्टी होती, चेहरा उतरलेला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ पूर्ण निघाली. नस दिसायला तरी शाबूत आहे. पण आवाजाचं काय ते बोलल्याशिवाय कळणार नाही. जाग आली की हवं तर बोलायला सांगा." आणि त्या पुढच्या पेशंटकडे गेल्या.

दिवेलागणीला तिने डोळे उघडले. माझ्याकडे पाहिलं. तिला मी पुरता ठाऊक. कडी लावली की नाही हे तिला तीनदा विचारणारा माणूस मी. माझ्यासाठीच तिने सगळा जीव गोळा केला, गिळताना कळ आली तरी ओठ उघडले.

मी तिच्या कपाळावर हात ठेवला.

"आत्ता नको," मी म्हणालो. "झोप तू. सकाळी बोल."

हा आपलाच नवरा ना, अशी ती क्षणभर बघत राहिली. मग तिने डोळे मिटले, आणि मीही खुर्चीतच पाय पसरले.