ओहळातला दगड

“हात पुढं कर,” गावचा बुदवंत, म्हणजे मुखिया, नागू म्हणाला, तशी केशरनं हात पदरात आणखीच खोल लपवला.

रुक्मानं सुनेचं मनगट धरून हात बाहेर ओढला. पंजाच्या पाठीवर लालसर कडं, कडेला बारीक पुटकुळ्या. पायाच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडून सोललेली. अंगणातल्या बाया मागं सरल्या. महारोगाला खाज सुटते, अशी गुंद गावात पक्की समजूत. आणि महारोग्यानं ओहळापलीकडच्या खोपीत राहायचं, हा गावाचा नेम. रुक्माचा नवरा कान्हू कैक पावसाळे तिथंच होता. रोज ती ओहळातल्या दगडावर पेज ठेवायची आणि मागं न बघता परतायची.

कॅसलरॉकहून देवी टोचायला आलेल्या डॉक्टरनं केशरचा हात उजेडाकडं वळवला.

“खाजतं का?”

“न्हाई,” केशर म्हणाली.

खोटारडी! लुगड्याच्या काठाखाली तिची टाच दुसऱ्या पायाची बोटं घासत होती. रुक्माला ते दिसलं. पोरगी गुणाची, पदरात तान्हं लेकरू. पण सख्ख्या नवऱ्याला जे चुकलं नाही, ते सुनेला कसं चुकवायचं?

“खोटं बोलती, सायेब,” ती एकदम म्हणाली. “रातभर खाजवती. रगत येस्तवर.”

केशरनं तिच्याकडं असं पाहिलं, की रुक्माची मान खाली गेली.

डॉक्टरचा चेहरा मात्र उजळला. त्यानं कड्यावर सुई टेकवली, तशी केशर “आई गं!” करून ओरडली.

“अहो, हा नायटा. आणि पायाला चिखल्या, लावणीच्या चिखलात उभं राहून झालेल्या. महारोगाचा चट्टा बधिर असतो. टोचलेलं कळत नाही, तिथं खाज कुठली? हे घ्या गंधकाचं मलम, रोज लावा, पाय कोरडे ठेवा.”

केशर मटकन बसली आणि हमसून रडू लागली. बाया पुन्हा जवळ आल्या.

रुक्मा जागची हलली नाही. खोपीकडं जाताना कान्हूनं एकच वस्तू मागून घेतली होती, पाय खाजवायला करवंटी.

“सायेब, खाजतं म्हंजी... त्यो रोग न्हवं?”

“नव्हे.”

एवढी वर्षं! पेजेचं मडकं उचलून, निम्मं मलम पानात बांधून ती ओहळाकडं निघाली.

“रुक्मे,” मागनं नागू ओरडला, “पेज दगडावर ठिव आन् माघारी ये!”

तिनं लुगडं वर खोचलं आणि दगड ओलांडून पाण्यात पाय घातला.