अतीत कोण?

कोकिळेला पोळ्याच्या दिवसाची धास्तीच होती. गावभर झुली, तोरणं, डफड्यांचा दणका.  दोन मुलगे गेले होते तिचे. दुसरा तर ऐन पोळ्याच्या अमावस्येला.

म्हणून महाराष्ट्र राज्य झालं त्या साली मुलगी झाली, तशी सासूने, सरस्वतीबाईंनी, ती शेजारच्या सत्यभामाबाईंच्या ओटीत घातली आणि सूपभर कोंडा देऊन परत आणली. सत्यभामाबाईंची पाचही लेकरं ठणठणीत. तेव्हापासून पोर त्यांची. कोकिळा नुसती सांभाळणारी. मरणाला चकवायचं तर असंच. नाव ठेवलं कोंडाबाई. कोंडी शेजारणीला आई म्हणायची आणि जिच्या कुशीत झोपायची तिला काकू. पाच वर्षं हे ऐकून कोकिळेच्या जिवाचं काय झालं असेल, ते कोणी विचारलं नाही.

यंदा सासूच म्हणाली, "झाले पाच वर्सं. आज पिठोरीचं ताट डोक्यावर घे. पोरीनं मांगून 'मी' म्हटलं, का ते तुही लेक झाली."

"आन् नाही म्हटलं तं, आत्याबाई?"

"काऊन नाही म्हणन? अभद्र बोलू नको."

दिवसभर कोकिळेने पोरीला पढवलं. कोंडी मान हलवायची आणि बैल पाहायला पळायची.

दिवेलागणीला पिठोरीची, लेकरांच्या आयुष्यासाठीची पूजा झाली. कोकिळा खीरपुरीचं ताट डोक्यावर धरून पाटावर बसली. अशा वेळी मागे वळून पाहायचं नसतं. अतीत, म्हणजे दारचा पाहुणा, कोण असं तीनदा विचारायचं आणि लेकराच्या आवाजाची वाट पाहायची.

"अतीत कोण?"

मागे मोताळ्याच्या बाजारातल्या नव्या बांगड्या किणकिणल्या. म्हणजे पोर होती. पण बोलली नाही.

"अतीत कोण?"

"बोल वं पोरी!" सरस्वतीबाई दबक्या आवाजात खेकसल्या.  ताट कलंडलं, खीर कोकिळेच्या कपाळावर ओघळली. उत्तराविना ताट उतरलं तर? दुसऱ्या मुलाच्या वेळी ती तापाने फणफणलेल्या पोराला मांडीवर घेऊन याच पाटावर बसली होती. त्यानेही उत्तर दिलं नव्हतं.

तिसऱ्यांदा तिने तोंड उघडलं, तेवढ्यात भिंतीपलीकडून सत्यभामाबाईंचा खणखणीत आवाज आला, "अतीत कोण?"

बांगड्या वाजल्या, पावलं धावली. पलीकडे पाच लेकरांच्या गलक्यात सहावा आवाज उठला, सगळ्यांत मोठा. "मी! आई, मी!"

"जाय, धरून आण तिले!" सासू ओरडली.

कोकिळा अर्धी उठली आणि थबकली. आणायची? तिकडच्या ताटाखाली पोर पाच वर्षं जगली. इकडच्या ताटाखाली कोण जगलं होतं?

"नाही आणत, आत्याबाई," ती म्हणाली. तिने ताट खाली ठेवलं.

थोड्या वेळाने कोंडी दारात आली, हनुवटीला खीर. "काकू, तुमच्याकडं बी खीर हाय?"

बाहेर अमावस्येचा अंधार पडला होता. त्या अंधाराकडे पाहत, त्यात जो कोणी कान देऊन उभा असेल त्याला नीट ऐकू जावं म्हणून, कोकिळा मोठ्याने म्हणाली, "हाय ना बाई. सत्यभामाबाईची लेक ना तू? ये, बस."