गुरुवारचा टाय

कार्निवलच्या गुरुवारी कोलोन शहर बायकांचं असतं. अकरा वाजून अकरा मिनिटांनी ते रीतसर आमच्या ताब्यात येतं, पण माझे हात सकाळी आठपासूनच शिवशिवत होते. दिसेल त्या पुरुषाचा टाय कापायचा आमचा त्या दिवशीचा हक्क, म्हणून गळ्यात लाल फितीला बांधलेली कात्री, अंगात टोमॅटोचा पोशाख, आणि तो गरगरीत दिसावा म्हणून गुडुलाने आत कोंबलेल्या दोन उशा. गुडुला माझ्या बेकरीत पाव भाजते. ती यंदा मधमाशी झाली होती.

"स्टीना, जरा वाक बघू."

"टोमॅटो वाकत नाही."

"मग तुझा तो नावाडी तुला मिठी कशी मारणार गं?"

"ते त्याचं तो बघेल!"

नावाडी म्हणजे द्राझेन. क्रोएशियात झादारला त्याची बोट आहे, लोकांना बेटांवर फिरवतो. अकरा उन्हाळे मी त्याच्याकडे जातेय. यंदा पहिल्यांदाच तो माझ्याकडे येत होता, साडेदहाच्या गाडीने. फोनवर म्हणाला होता, "एक विचारायचंय. पण समोर उभा राहूनच विचारणार." काय विचारणार ते न कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. कायमची झादारला येशील का, हेच. आणि मी हो म्हणायचं ठरवलं होतं. बेकरी गुडुलाच्या गळ्यात घालायची, घर सोडायचं. म्हणजे हा माझा शेवटचा कार्निवल. बावन्नाव्या वर्षी असा माणूस पुन्हा मिळत नाही, हे मला कळतं. तरी आदल्या दिवशी टोमॅटोला देठ शिवताना मला रडू कोसळलं होतं, आणि हे मी गुडुलालाही सांगितलं नव्हतं.

स्टेशनवर मुंगी शिरायला जागा नव्हती. चाचे, नर्सा, नन, जिराफांचं एक अख्खं कुटुंब. जो तो "आलाफ!" अशी कार्निवलची आरोळी ठोकत होता, मीही ठोकत होते. तेवढ्यात फलाटाच्या जिन्यावरून सुटातला एक माणूस खाली उतरला. गळ्यात टाय. निळा, रेशमी, कोरा करकरीत! आमच्याकडे बँकेचा मॅनेजरसुद्धा त्या दिवशी घरातला सगळ्यात भंगार टाय शोधून बांधतो, आणि हा तर ताटात वाढून घेऊनच आला होता. माझा हात आपोआप गेला. कच्!

मग मी वर बघितलं. द्राझेन.

अकरा वर्षं ज्याला दाढीत आणि बनियनमध्ये पाहिलं, त्याने दाढी सफाचट केली होती, केस चापूनचोपून बसवले होते. त्याच्या टायचा अर्धा तुकडा माझ्या हातात लोंबत होता.

"स्टीना?" तो म्हणाला. "हा मी खास झाग्रेबहून मागवला होता. तुला विचारायला येताना घालावा म्हणून."

त्या दिवशी चांगला टाय घालू नये हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, आणि म्हणूनच त्याला सांगायचं राहून गेलं होतं. गुडुला मागे पंख फडफडवत हसत होती. तिला मी नंतर बघून घेतलं.

"म्हणजे विचारायच्या आधीच उत्तर," तो हळूच म्हणाला आणि त्याने बॅग खाली ठेवली.

"अरे, नाही रे! ऐक तरी..."

नेमकी तेव्हाच शेजारच्या जिन्यावरून तीसेक नन नाचत उतरल्या. त्या लोंढ्यात तो एकीकडे गेला, आणि मी दोन उशांसकट गरागरा फिरून बिस्किटांच्या दुकानावर आदळले. उठून बघते तर माणूस गायब. मी त्याला फोन लावला. गुडुलाच्या पायाशी पडलेली त्याची बॅग वाजू लागली.

"आता गं?" गुडुला म्हणाली.

"आता काय! शोध!"

मी मोठ्या चर्चपुढच्या चौकात धावले. टोमॅटोने धावणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला कळतं. लोक वाटेतून बाजूला होण्याऐवजी मला ढकलून खेळत होते. एका पोलिसाला गाठलं. खरा पोलीस, मिशीवर कुणीतरी चमकी लावलेली.

"अहो, सूट घातलेला एक माणूस पाहिलात? टाय कापलाय त्याचा!"

त्याने स्वतःचा कापलेला टाय उचलून दाखवला. "बाई, आज इथे न कापलेला कुठे दिसला तर मला सांगा. मीच येतो बघायला."

सगळे फिदीफिदी हसले. मीही हसले. पण त्याने परतीची गाडी पकडली असेल तर? झादारला जायच्या नावाने रडणारी मी, आता त्याच्या नावाने रडत गल्लोगल्ली फिरत होते. ढोल बडवणारे माझ्याभोवती फेर धरत होते. कुणीतरी तोंडात जिलबीएवढा तळलेला गोड पाव कोंबला. तोही मी रडत रडत खाल्ला, चांगला होता.

दुपारी दोन वाजता जुन्या बाजारातल्या बियरखान्यातून आरोळी आली, "आलाफ!" उच्चार असा, की कोलोनचा माणूस झोपेतसुद्धा करणार नाही. मी दारातून आत शिरायला गेले आणि अडकले. गुडुलाने मागून लाथ घातली तेव्हा आत पडले.

द्राझेन बाकावर उभा होता. नाकावर लाल चेंडू, दोन्ही गाल लिपस्टिकने माखलेले, एका बाजूला नन, दुसऱ्या बाजूला गाय. ग्लासावर पुठ्ठ्याची चकती ठेवेपर्यंत इथला वेटर न विचारता नवा ग्लास आणून ठेवतो, हेही त्याला कुणी सांगितलं नव्हतं. टायची आता नुसती गाठ उरली होती.

"ही बघा!" तो माझ्याकडे बोट दाखवून गरजला. "हिनेच!"

"द्राझेन, खाली उतर आधी!"

"हिच्यानंतर सात जणींनी टाय कापला माझा. सातही जणींनी मुका दिला. ही गाय म्हणाली, कापला की मुका द्यावाच लागतो, तसा नियम आहे. मग मी म्हटलं, पहिली होती ती पळाली कशी?"

"मी पळाले? पळालास तू, गाढवा!"

"दे मुका! दे मुका!" अख्खा बियरखाना टेबलं बडवू लागला. तो खाली उतरला. मधे उशा. शेवटी मी त्याची गाठ धरून त्याला ओढला आणि दिला मुका, तोही गालावर नाही. गाय रडायला लागली.

"आता विचार," मी म्हटलं. हो म्हणायला मी घसा खाकरून ठेवला.

त्याने नाकावरचा चेंडू काढला.

"तू झादारला येशील का, हे विचारायला आलो होतो," तो म्हणाला. "आता ते नाही विचारायचं. हे असं इथे दरवर्षी असतं?"

"दरवर्षी."

"आणि तू हे सोडून येणार होतीस?"

मी मान डोलावली. बोलायला गेले तर हुंदकाच आला. त्याने चेंडू पुन्हा नाकावर बसवला.

"इथे राइन नदीत बोटी चालतात ना गं? मग मीच इथे राहिलो तर?"

मी टोमॅटोच्या बाहीला नाक पुसलं.

"राहा," मी म्हटलं. "पण उद्या सकाळी पहिलं काम, तुझ्यासाठी एक भंगार टाय घेऊन ठेवू."