शिजल्याशिवाय वाढायचं नाही

“आता? आता येतोय का आवाज?”

भाच्याने लॅपटॉपला कान लावला. प्रतीक्षाखोलीतली समोरची बाई मासिक मिटून त्याच्याकडे बघायला लागली.

“कान काय लावतोस? कलिंगड आहे का ते?” आत्या म्हणाली. “इकडे दे.”

दोघांच्या मध्ये दादा बसला होता. तिचा थोरला भाऊ, भाच्याचा बाप. गेल्या वर्षी गळ्याच्या ऑपरेशनमध्ये त्याचं स्वरयंत्र काढलं, तेव्हापासून तो टाईप करायचा आणि लॅपटॉप बोलायचा. आज सकाळी लॅपटॉप गप्प झाला. पडद्यावर अक्षरं नीट उमटत होती, पण आवाजाच्या नावाने शून्य. आत डॉक्टर पुढचा निर्णय सांगणार होते आणि दादाचा नंबर जवळ आला होता.

दादाने मांडीवरची पुसायची पाटी उचलली. “भांडू नका. लोक बघतात,” त्याने लिहिलं, दाखवलं, पुसलं.

मागच्या वेळी याच पाटीने घात केला होता. लॅपटॉप घरी राहिला म्हणून दादा पाटी घेऊन आत गेला. तो एक वाक्य लिहीपर्यंत डॉक्टर मुलाकडे वळून तीन वाक्यं बोलले. वाक्य पुरं झालं तेव्हा ते वाचायला कोणी मोकळं नव्हतं. घरी आल्यावर त्याने लॅपटॉपवर सगळ्यांना सुनावलं होतं, “माझं मढं झाकलंय की काय? पुढच्या वेळी मी बोलणार. माझ्या तोंडाने.” ते ‘तोंड’ आता आत्याच्या मांडीवर मुकं पडलं होतं.

“काय केलंस याला?” आत्याने विचारलं.

भाचा चार्जरची वायर बोटाला गुंडाळत राहिला.

“मी विचारतेय काहीतरी.”

“नवी आवृत्ती टाकली. काल संध्याकाळी. बाबांनीच सांगितलं.”

आत्याने डोळे मिटून घेतले.

आत्या नोकरी करायची बस डेपोच्या कार्यालयात. पण तिचा जीव होता संगणक चालवणाऱ्या एका लिनक्स प्रणालीत. जगभरची हौशी माणसं मिळून ती प्रणाली बांधायची आणि फुकट वाटायची. हजारो ठिकाणी ती चालायची, शाळांत, छापखान्यांत, डेपोच्या तिकीट खिडकीवर, दादाच्या लॅपटॉपवर. नवी स्थिर, म्हणजे तपासून पक्की झालेली, आवृत्ती कधी सोडायची, याचा शेवटचा शब्द कितीतरी वर्षं आत्याचा होता. भाचा त्या कामात आला आणि तिथेही तिला आत्याच म्हणायला लागला, तशी जगभरची माणसंही तिला आत्या म्हणायला लागली. तिचे नियम दोनच. एक, शिजल्याशिवाय वाढायचं नाही. दोन, आधी आपल्या घरात, मग जगाला. सोडण्यापूर्वी प्रत्येक आवृत्ती ती आधी घरच्या यंत्रावर चढवायची, मगच हो म्हणायची.

नियम चांगले होते. फक्त हो म्हणण्याचे दिवस लांबत चालले होते. शेवटची स्थिर आवृत्ती निघून तिसरं वर्ष लागलं होतं. एक चूक दुरुस्त झाली की दुसरी डोकं वर काढायची, आणि आत्या म्हणायची, “अजून नाही.” भाच्याच्या गटाने हट्ट धरला होता की दर सहा महिन्यांनी आवृत्ती निघालीच पाहिजे, तयार असो वा नसो. त्यावर आज संध्याकाळपर्यंत मतं द्यायची होती. आत्या आणि भाचा महिनाभर कामापुरतंच बोलत होते.

“जुन्या यंत्रांवर आवाज जातो म्हणून मी ती अडवून धरलीय. हे तुला माहीत नव्हतं?”

“मोजक्या यंत्रांवर जातो, आत्या.”

“आणि तुझ्या बापाचं यंत्र कुठलं आहे? काल दुकानातून आणलेलं?”

भाच्याचे कान लाल झाले. दादाने दोघांच्या मध्ये पाटी घातली. “मी सांगितलं त्याला. मला नवा आवाज हवा होता.”

नव्या आवृत्तीत बोलणारा नवा आवाज होता, माणसासारखा, दम घेणारा. जुना आवाज दळणाच्या गिरणीतून यायचा. दादाने फोन लावला की समोरचा थट्टा समजून ठेवून द्यायचा. आजोबा नातीला गोष्ट सांगायला लागले की ती रडायची.

“थोडं थांबला असतास, दादा,” आत्या म्हणाली.

दादाने बराच वेळ लिहिलं. मग पाटी तिच्याकडे वळवली.

“तू म्हणतेस, होईल तेव्हा होईल. माझ्याकडे तेवढा वेळ आहे का, ठकू?”

ठकू हे तिचं लहानपणीचं नाव. आत्याला ते वाक्य सुईसारखं टोचलं. तिने पाटी हळूच खाली केली आणि लॅपटॉपकडे वळली, कारण डोळ्यांचं काही खरं नव्हतं.

“जुना गाभा ठेवलायस ना?” तिने विचारलं. गाभा म्हणजे प्रणालीचा मुळातला भाग, यंत्राच्या पडद्याशी आणि कर्ण्याशी बोलणारा. नवा चढवला तरी जुना मागे राहतो. नव्याने दगा दिला तर जुन्यावर यंत्र सुरू करता येतं.

भाचा जमिनीकडे बघत म्हणाला, “जागा नव्हती. जुनं सगळं साफ केलं.”

“छान. नवं घर बघायच्या आधी जुन्याला काडी लावली.”

आतून नाव पुकारलं गेलं, दुसऱ्या कोणाचं. त्या माणसानंतर दादा. आत्याने पर्स उलटी केली. किल्ल्या, गोळ्या, रुमाल आणि मागच्या स्थिर आवृत्तीचा पेन ड्राइव्ह. तो ती कायम बाळगायची. भाच्याची पिढी त्यावरून तिची टर उडवायची, काही माणसं ताईत बांधतात, आत्या पेन ड्राइव्ह बाळगते. आज भाच्याने मुकाट्याने तो लॅपटॉपला लावला.

“बॅटरी संपत आलीय,” तो म्हणाला.

खोलीतला एकुलता एक प्लग माशांच्या पेटीला लावलेला होता. आत्याने तो उपटला. पाण्यातले बुडबुडे थांबले.

“अहो बाई! मासे मरतील!” नंबर पुकारणारी मुलगी ओरडली.

“दोन मिनिटं दम काढतील. यांचा दम वर्षभर कोंडलाय,” आत्या म्हणाली आणि चार्जर लावला.

तिने पेन ड्राइव्हवरून जुना गाभा काढून नव्या आवृत्तीच्या शेजारी बसवायला घेतला. पडद्यावरची पट्टी मुंगीच्या पावलाने सरकत होती. भाचा तिच्या खांद्यावरून बघत होता, दादा दाराकडे. दार उघडलं, आतला माणूस बाहेर आला.

“पुढचे या!”

“चालू कर,” आत्या म्हणाली. भाच्याने बटण दाबलं, तिने चार्जर काढला आणि माशांना त्यांची हवा परत दिली. लॅपटॉप उघडाच धरून तिघं आत गेले. पडदा अजून काळाच होता.

डॉक्टरांनी कागद चाळले. सवयीने ते भाच्याकडे वळले. “हं. तर वडिलांच्या बाबतीत असं आहे, की गाठ परत दिसतेय. पुन्हा ऑपरेशन करावं लागेल. तुम्ही घरी विचार करा आणि...”

पडदा उजळला. दादाची बोटं खाली गेली.

“डॉक्टर,” नवा आवाज म्हणाला, मऊ, थोडा घोगरा, “वडील इकडे आहेत.”

डॉक्टरांचं पेन थांबलं. आत्याने भाच्याचा हात कधी घट्ट पकडला ते तिला कळलं नाही.

“माफ करा, काका,” डॉक्टर खुर्चीसकट वळले. “बोला.”

“पुन्हा ऑपरेशन नको. गिळता येतंय तोवर घरी बसून जेवीन. किती दिवस आहेत ते मला सांगा. मुलाला नंतर मी सांगेन.”

भाच्याने तोंड भिंतीकडे वळवलं. डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येत नाही. कदाचित वर्ष, कदाचित जास्त, कदाचित कमी. ऑपरेशन नको असेल तर दर तीन महिन्यांनी तपासू.

“त्या दिवशी बरं वाटत नसेल तर?”

“तरी यायचं.”

“मनाची तयारी नसेल तर?”

“काका, तारीख म्हणजे तारीख. त्या दिवशी जसे असाल तसे या. जे असेल ते बघू, जे करता येईल ते करू. तयारीची वाट बघत बसलात तर येणारच नाही तुम्ही.”

दादाने मान वळवून बहिणीकडे बघितलं. बोटं हलली.

“ऐकलंस, ठकू?”

बाहेरच्या व्हरांड्यात बाकावर तिघं बसले. भाचा नखं कुरतडत होता. मग म्हणाला, “तुझंच बरोबर होतं, आत्या. मी घाई केली. बाबा आज मुकेच राहिले असते.”

“गप रे.” आत्याने त्याचा हात तोंडापासून खाली ओढला. “दार उघडलं नाही की लोक खिडकीतून उड्या मारतात. आणि कोणाचा पाय मोडला की आतला म्हणतो, बघा, मी सांगत नव्हतो? ती आतली मी आहे.”

“मग सहा महिन्यांना मत देतेस?”

“नाही. डेपोतल्या माणसांना दर सहा महिन्यांनी नवं काही शिकवून बघ, चपला घेऊन मागे लागतील. वर्षातून एकदा. पण ठरलेल्या तारखेला. जे शिजलं नसेल ते त्या दिवशी बाजूला काढायचं. जेवणाऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही.”

भाच्याने बोटांवर महिने मोजले. “माझ्या लोकांना वर्ष पटवता येईल. पहिली कधी?”

आत्याने दादाच्या खिशातून तपासणीचं कार्ड काढलं आणि पुढची तारीख बघितली. “याच्या आदल्या आठवड्यात.”

ती आवृत्ती त्या आठवड्यात निघाली. काही गोष्टी बाजूला काढाव्या लागल्या, काही लोक रागावले, जग काही बुडालं नाही. त्याआधी नियमाप्रमाणे आत्याने ती दादाच्या लॅपटॉपवर चढवली, या वेळी जुना गाभा जपून. दादाने टाईप केलं, “ठकू, आवाज बरा आहे. पण माझ्यासारखा भांडत नाही.” ते वाक्य तसंच राहू दे म्हणून त्याने ते एका बटणावर बांधून ठेवलं, दाबलं की लॅपटॉप तेच बोलायचा. नंतरच्या तीन तपासण्यांना तो स्वतःच्या तोंडाने बोलला. चौथ्या तारखेला कोणाला जावं लागलं नाही.

नवी आवृत्ती आजही दरवर्षी त्याच आठवड्यात निघते. नवी मुलं विचारतात, हा आडनिडा आठवडा कोणी काढला? भाचा सांगतो, ठरलेला आहे.

त्या आठवड्यात आत्या दादाच्या घरी वहिनीकडे जाते. वहिनी लॅपटॉपवरचं फडकं काढते आणि शेजारी खुर्ची ओढून बसते. नवी आवृत्ती चढते, यंत्र पुन्हा सुरू होतं. आत्या ते एक बटण दाबते, आणि दोघी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकतात. मग आत्या भाच्याला फोन लावते.

“सोड,” ती म्हणते.